आईच्या डोक्याचं वजन

फेब्रुवारी संपत आला की पुण्याच्या हवेचा गोंधळ उडतो. सकाळी धायरीच्या बसथांब्यावर उभी असते तेव्हा ओठ उललेले असतात, गालांवर पांढुरकी रखरख असते, बोटांची टोकं गार पडलेली असतात. कॉलेज येईपर्यंत स्वेटर कमरेला गेलेला असतो. दुपारी प्रॅक्टिकलच्या खोलीत पंखा लावावा तर चेहऱ्यावरचा पॅक भराभर वाळून तडकतो, बंद ठेवावा तर पॅकमधून घाम वाट काढतो. आमच्या मॅडम म्हणतात, या दिवसांत त्वचा कोरडी आहे की तेलकट हे क्लायंटला विचारू नका, तिलाच ठाऊक नसतं.

रस्त्याच्या कडेला द्राक्षांच्या गाड्या लागल्या आहेत. सिंहगड रस्त्यावरची झाडं पानं टाकायला लागली आहेत आणि ती पानं बसच्या खिडकीतून आत येऊन मांडीवरच्या वहीवर पडतात. म्हणजे परीक्षा जवळ आली. गेल्या वर्षी याच दिवसांत जे झालं ते मला अजून नीट उमगलेलं नाही, आणि हवेत हा रखरखीत वास आला की ते सगळं परत येतं. आधी वास, मग आईची मान.

मी ब्यूटी अँड वेलनेसच्या पदवीला आहे, शेवटच्या वर्षाला. आमच्या घरात कॉलेजचा उंबरा ओलांडणारी मी पहिली. वाशिमकडून आई-बाबा पुण्यात आले तेव्हा मी चालायला शिकत होते. बाबा मार्केट यार्डात हमाली करतात. मामाला माझ्या शिक्षणाचा अजून उलगडा होत नाही. दर दिवाळीला तो फोनवर विचारतो, "पार्लरचं शिकाले तीन वर्षं काहून लागतात वं? केस कापाले का डॉक्टरकी लागते?" मी त्याला स्नायूंची नावं सांगते, त्वचेचे थर सांगते. तो ऐकून घेतो आणि म्हणतो, "बरं बरं, पण भुवया तर करता येतात ना?"

आमच्या पेपरात एक प्रश्न हमखास येतो. मसाजचे त्वचेला व स्नायूंना होणारे फायदे लिहा. मला तो पाठ आहे. रक्ताभिसरण वाढतं, म्हणून त्वचेवर तजेला दिसतो. वरच्या मृत पेशी निघून जातात. क्रीम आणि तेलामुळे कोरडेपणा कमी होतो. आखडलेले स्नायू सैल होतात, मनाला विश्रांती मिळते. पहिल्या वर्षी मी हे असंच लिहिलं होतं. मॅडमनी वही परत देताना विचारलं होतं, "किती वेळ?"

मला कळलं नाही.

"तजेला दिसतो, स्नायू सैल होतात. किती वेळ? कायमचे होतात का? थोडा वेळ. हे दोन शब्द लिहायचेच. सुरकुत्या जात नाहीत, रंग उजळत नाही. जी मुलगी क्लायंटला असली थाप मारेल तिने मी शिकवलंय हे कुठे सांगू नये."

तेव्हापासून मी प्रत्येक फायद्यापुढे 'थोडा वेळ' लिहिते. पण लिहिताना दर वेळी पेन अडखळतं. जी गोष्ट थोडाच वेळ टिकते ती शिकायला मी तीन वर्षं घालवतेय का, असं वाटतं. मग वाटतं, जेवणसुद्धा थोडाच वेळ टिकतं. आणि मग काहीच ठरत नाही.

खरं तर मसाज मला एकट्या कॉलेजने शिकवला असं म्हणता येणार नाही, आणि एकट्या आईने शिकवला असंही नाही. आई बाळंतिणींना आणि बाळांना मालीश करायला जाते. आमच्या भागात सोसायट्या उभ्या राहिल्या, तशी तिची कामं वाढली. सकाळी लवकर डबा करून ती निघते, एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जाते, पाय लांब करून बसते, पायांवर बाळ घेते, तेल लावते, न्हाऊ घालते, दुपट्यात गुंडाळून त्याच्या आईच्या हातात देते. मग त्या आईची पाठ, कंबर, पोटऱ्या. घरी येते तेव्हा तिच्या पदराला खोबरेल तेल, धुरी आणि दूध यांचा मिळून एक वास असतो. लहानपणी मला वाटायचं, सगळ्या आयांना असाच वास येतो.

तिचे तळहात आमच्या घरात सगळ्यांत मऊ आहेत. माझ्यापेक्षाही. इतकं तेल रोज त्यांतून जातं. पण मनगटाच्या वर तिची कातडी कोरडी, खरखरीत आहे, आणि खांदे तर दगड. पेपरात लिहितो ते सगळे फायदे तिच्या मनगटापाशी येऊन थांबलेले दिसतात. हे मी वर्गात एकदा सांगितलं तर सगळ्या हसल्या. मीही हसले. पण ते विनोदी आहे का, मला नक्की माहीत नाही.

तर गेल्या वर्षीची परीक्षा. आमच्या प्रात्यक्षिकाला प्रत्येकीने आपली मॉडेल स्वतः आणायची असते. मॉडेल म्हणजे जिच्यावर फेशियल आणि मानेचा-खांद्यांचा मसाज करून दाखवायचा ती बाई. बाकीच्या मुली मैत्रिणींना आणतात, वहिनीला आणतात. मी शेजारच्या रोहिणीताईंना विचारणार होते. त्या शिवणकाम करतात, त्यांना मोकळा वेळ असतो. तेवढ्यात भाकरी थापता थापता आई म्हणाली, "मी येते ना. मले काय लागते, पडूनच तर राहायचं हाये."

मला आनंद झाला आणि भीतीही वाटली. तिचं एका दिवसाचं काम बुडणार होतं. पण तिने सगळ्या घरी आधीच सांगून ठेवलं होतं. "पोरीची परीक्षा हाये, मलेच बोलावलं," असं. जणू कॉलेजने तिलाच बोलावणं धाडलं होतं.

परीक्षेच्या दिवशी ती ठेवणीतली साडी नेसून आली. खुर्चीवर आडवी झाली. मी तिच्या डोक्याला टॉवेल गुंडाळला, एक छातीवर पसरला, एक मानेखाली दिला. दिवा जवळ ओढला आणि तिचा चेहरा पाहिला. दोन्ही गाल लालबुंद.

"आई, सकाळी चेहऱ्याला काय लावलंस?"

"काही नाही वं. डाळीचं पीठ. चांगलं घासून घेतलं." मग हळूच, "इतक्या मोठ्या बाया पाह्यणार. तुले लाज नको वाटाले, मनून."

जे मी परीक्षेत साफ करून दाखवायचं, ते ती घरूनच साफ करून आली होती.

"अगं, डाळीचं पीठ तर तू आता बाळांनासुद्धा लावत नाहीस."

"बाळाले डॉक्टर नको मनतात. माहं थोबाड काय बाळाचं हाये?"

बाहेरून आलेल्या परीक्षक बाई टेबलांमधून फिरत होत्या. त्या माझ्यापाशी थांबल्या. मी सांगितलं की त्वचा चिडलेली आहे म्हणून स्क्रब करणार नाही आणि वाफही देणार नाही, फक्त सौम्य क्लिन्झिंग आणि हलका मसाज करीन. त्यांनी मान हलवली. तेवढं मला बरोबर आलं होतं.

मग मसाज सुरू केला. आधी दोन्ही हातांनी लांब, हलके स्ट्रोक, हनुवटीपासून कानापर्यंत, सगळे खालून वर. गालांवर तर बोटं फक्त तरंगू दिली. डोळ्यांभोवती अनामिकेने, कारण ते बोट सगळ्यांत कमी दाब देतं. इथपर्यंत ठीक चाललं होतं. मग मानेकडे आले. मानेला मसाज करताना डोकं दोन्ही तळहातांत घ्यायचं असतं आणि क्लायंटने ते आपल्यावर सोपवायचं असतं. मी म्हणाले, "आई, मान सैल सोड. डोक्याचं वजन माझ्या हातात दे."

"दिलं," ती म्हणाली.

दिलं नव्हतं. तिचं डोकं माझ्या तळहातांना टेकलं होतं, पण त्याचं वजन नव्हतं. ती ते स्वतःच तोलून धरत होती. मानेच्या दोन्ही बाजूंना दोन ताठ दोऱ्या लागत होत्या.

"सैल सोड ना."

"सोडलं की बाप्पा! आता काय काढून देऊ का?"

शेजारच्या टेबलावरची मॉडेल फिस्सकन हसली. परीक्षक बाई परत आल्या. चष्म्याच्या वरून त्यांनी आईकडे पाहिलं. "अहो, या विश्रांतीला आल्यात की लढाईला?" मग छातीवरच्या टॉवेलकडे बोट दाखवलं. "आणि त्यांचे हात का हलतायत?"

मी पाहिलं. टॉवेलखाली आईचे दोन्ही हात हलत होते. आधी वाटलं, तिला खाज सुटली असेल. मग लक्षात आलं. मी ज्या चालीने खांदे मळत होते त्याच चालीने तिचे हात हलत होते. मी थांबले की ते थांबायचे. मी सुरू केलं की सुरू. डोळे मिटून ती माझ्याबरोबर कुणाला तरी मालीश करत होती.

मी पास झाले. शेरा मात्र असा होता की क्लायंट शेवटपर्यंत सैल झाली नाही.

परतीच्या बसमध्ये आईला खिडकी मिळाली. तिचे गाल अजून लाल होते आणि क्रीममुळे चमकत होते. ती म्हणाली, "कसं वाटलं सांगू? लई छान वाटलं. फक्त ते पडून राहणं काही जमलं नाही. आपण पडलेलो आणि दुसरं कुणी राबून राह्यलं, मंग जीवाले चैन कशी पडंल?" जरा वेळाने तिने विचारलं, "माह्यामुळे कमी दिले का मार्क?"

मी नाही म्हणाले. वाटभर ती ताठ बसली होती. बस खड्ड्यातून गेली तरी तिचं डोकं काचेला टेकलं नाही.

त्यानंतर मी माणसांच्या माना पाहायला लागले. ही सवय चांगली आहे का, ठाऊक नाही. बसमध्ये लोक झोपतात, त्यांची मान कशी टप्प्याटप्प्याने खाली जाते ते पाहते. आमच्या वर्गातल्या ऋतुजाला सरावासाठी आडवं केलं की ती क्रीम लावायच्या आधीच झोपते. तिचं डोकं हातात घेतलं तर कलिंगड घेतल्यासारखं वाटतं, सगळंच्या सगळं आपल्याकडे येतं. मी तिला विचारलं, हे तू कसं करतेस? ती म्हणाली, "काय कसं करते? काहीच करत नाही."

मग सरावात माझी पाळी आली. ऋतुजा माझ्या डोक्याखाली हात घालून म्हणाली, "पल्लवी, सोड." मी म्हणाले, "सोडलं." ती म्हणाली, "नाही सोडलंस." मला खरंच वाटत होतं की सोडलंय. त्या दिवसापासून मी आणखीच गोंधळले. न सोडलेली मान आतून सोडल्यासारखीच वाटते. मग माणसाला कळायचं कसं की तो आखडलेला आहे? आणि कळत नसेल, तर त्याला सैल करणं हा फायदा तरी कोणाला कळणार? पुस्तकात स्नायूचं चित्र आहे, मानेपासून खांद्यापर्यंत पसरलेला ट्रॅपेझियस, लाल रंगाचा, पतंगासारखा. त्यावर कुठून कुठे दाब द्यायचा त्याचे बाण आहेत. तो धरून कशाला ठेवलाय, हे चित्रात नाही.

बाबांना एकदा विचारलं, तुमचे खांदे दाबून देऊ का? ते म्हणाले, "दे की." पालथे पडले आणि घोरायला लागले. त्यांच्या पाठीवर तर दिवसभर पोती असतात. मला वाटलं होतं त्यांचीच पाठ सुटणार नाही. पोतं खाली ठेवलं की त्यांचं काम संपतं, म्हणून असेल का? आईचं ओझं इतकं हलकं असतं की ते खाली ठेवलं असं म्हणताच येत नसेल का? हे मी असंच लिहितेय. मला माहीत नाही.

यंदा परीक्षा परत आली. ही शेवटची. ज्यांचं प्रात्यक्षिक चांगलं होईल त्यांची नावं मॅडम खराडीतल्या एका मोठ्या स्पाला देणार आहेत. तिथे नोकरी लागली तर घरातली मी पहिली असेन जिला महिन्याच्या महिन्याला पगार मिळेल. मॅडमनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "तुझा हात चांगला आहे. मॉडेल मात्र या वेळी जरा बघून आण. सोमवारी नाव सांग."

बघून आण म्हणजे काय, ते मला समजलं. रोहिणीताई लगेच हो म्हणाल्या. त्यांना मी घरी एकदा मसाज केला होता तेव्हा त्या अर्ध्यातच झोपल्या होत्या. त्यांना नेलं तर मला कसलीच चिंता नव्हती.

पण आईने द्राक्षांच्या गाड्या पाहिल्या आणि तिला आपोआप आठवलं. म्हणाली, "आता तुही परीक्षा असंल. या टायमाले मी पीठ नाही लावत. काहीच नाही लावत." आणि मग म्हणाली, "मी शिकून राह्यली हाव. दुपारी जेवल्यावर जरा वेळ पडते. हात असे बाजूले ठेवते. तू मनली तसं, सैल."

तिने सरळ सतरंजीवर पडून दाखवलं. हात दोन्ही बाजूंना, तळवे वर, डोळे घट्ट मिटलेले. कवायतीला उभ्या राहिलेल्या मुलीसारखी ती सैल पडली होती.

आता मी तिला नको कसं म्हणू? नको म्हटलं तर तिला वाटेल, पोरीला आपली लाज वाटते. आणि हो म्हटलं तर परत तोच शेरा, आणि खराडीची नोकरी जाते. दोन दिवस मी रोहिणीताईंना नको सांगायला त्यांच्या दारापर्यंत जाऊन तशीच परत आले. माझीच मान दुखायला लागली.

रविवारी दुपारी आईला म्हटलं, चल, सराव करू. पत्र्यावर ऊन होतं, पण खोलीत अजून सकाळचा गारवा राहिला होता. कॉटवर चादर घातली, तिचं डोकं माझ्या बाजूला घेतलं. तेल कोमट केलं. चेहऱ्यापासून सुरुवात केली. कपाळ, भुवयांची टोकं, जबड्याचा सांधा. जबडा बराच वेळ गोल गोल चोळला तेव्हा तिचे दात एकमेकांपासून सुटले. मग मान. डोकं तळहातांत घेतलं. तेच. टेकलेलं, पण दिलेलं नाही.

"आई, तू धरून ठेवतेस."

"धरतच नाही वं. सवय हाये ती. बाळाची मान आपणच धरावी लागते. त्याले कुठं धरता येते? जरा हात ढिला झाला की डोकं मागं जाते. दिवसभर तेच ध्यान असते."

"पण आत्ता कुठे बाळ आहे?"

"नाहीच ना," ती म्हणाली. "रिकामे हात कुठं ठिवू, तेच कळत नाही."

तिचे हात बाजूला ठेवले होते, तळवे वर करून, ती शिकली होती तसे. पण बोटं हलत होती. मी काय करावं ते न कळून इकडेतिकडे पाहिलं. शेजारी टॉवेल होता. गुडघ्यांखाली द्यायला म्हणून मी त्याची वळकटी करून ठेवली होती. का कोण जाणे, मी ती उचलून तिच्या पोटावर ठेवली.

तिचा एक हात वळकटीखाली गेला, एक वरून आला. अंगठ्याने तिने टॉवेलची कड सारखी केली. तो हात हलके थापटायला लागला, फार सावकाश, माझ्या चालीशी त्याचा काही संबंध नव्हता. मी मसाज थांबवला होता. तिच्या ते लक्षातही आलं नाही.

आणि तिचं डोकं माझ्या हातात आलं.

एकदम नाही. आधी उजवीकडची दोरी ढिली झाली, मग डावीकडची. मग तळहातांवर भार वाढत गेला, आणि वाढतच गेला. मला माहीत नव्हतं की तिचं डोकं इतकं जड आहे. ऋतुजाचं लागतं तसं नव्हतं ते. मला भीती वाटली की हे मला पेलणार नाही. कोपरं कॉटवर टेकवून मी तशीच बसून राहिले. तिच्या गालांवर तेलाचा तजेला होता. वरच्या ओठापाशी घामाचे बारीक थेंब आले होते. थापटणारा हात मंद झाला, पण थांबला नाही.

बाहेर कोणी तरी मिक्सर लावला. तिने डोळे उघडले नाहीत.

ही विश्रांती होती का? की ती तेव्हाही कामच करत होती, फक्त तिच्या ओळखीचं? पुस्तकाप्रमाणे स्नायू सैल झाला होता, हे मी हातांनी अनुभवलं. पण ज्या गोष्टीने तिला वर्षानुवर्षं आखडून ठेवलं, तीच हातात दिल्यावर ती सुटली, हे मी फायद्यांमध्ये लिहायचं की कशामध्ये? एवढंच कळलं की 'थोडा वेळ' हे शब्द लिहिताना यापुढे माझं पेन अडखळणार नाही. तो थोडा वेळ किती मोठा असतो, हे मला त्या दुपारी तळहातांवर मोजून मिळालं होतं.

सोमवारी बसमध्ये स्वेटर कमरेला बांधून मी उभी होते. ओठ उललेले होते आणि कपाळावर घाम होता. मॅडम स्टाफरूमच्या दारातच भेटल्या.

"मॉडेल कोण आणतेयस?"

"आई."

त्यांनी चष्मा काढला. "परत?"

"हो, मॅडम. फक्त मला एक टॉवेल जास्त लागेल."